भार सोसणारी सायकल

जयवंतभाईंनी स्वतःच्या तिरडीचे खांदेकरी आधीच नेमून ठेवले आहेत. आपल्याकडे चार जण पुरतात. यांनी आठ नेमले आहेत आणि वर दोन राखीव. मी राखीवांत आहे. "तुमची कंबर धरते ने, रमेशभाई, म्हणून," असं त्यांनी मला एकदा अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं, जणू मी रुसलोच होतो. आठांपैकी एक जण गेल्या पावसाळ्यात स्वतःच वारला. त्याच्या मयताला जयवंतभाईंचा चेहरा इतका उतरला होता की लोकांना वाटलं, जवळचं नातं असावं. परत येताना मला म्हणाले, "डाव्या बाजूला आता तीनच राहिले."

यात विनोद आहे असं त्यांना कधी वाटलेलं नाही. जयवंतभाई विनोद करत नाहीत आणि कुणी केला तर त्यातलं वजन किती हे बघत बसतात.

घोलवडला माझी रोपवाटिका आहे. चिकूची, आंब्याची कलमं विकतो. रस्त्यापलीकडे चिकू पॅकिंगची शेड आहे आणि तिथल्या वजनकाट्यावर जयवंतभाई उभे असतात. उंची सहा फूट तीन इंच. वजन विचारलं तर सांगतात एकशे छत्तीस; काटा दाखवतो एकशे सव्वीस. मधले दहा सावधगिरीचे. कुठल्याही वस्तूकडे, प्राण्याकडे, माणसाकडे बघायचं, अंदाजाने वजन बोलायचं आणि त्यात 'सावधगिरीचे दहा' घालायचे, ही त्यांची रीत. सगळं आयुष्य काट्यापाशी गेलं, पण या दहांपायी त्यांचा एकही अंदाज कधी बरोबर आलेला नाही. बारशाला गेले की पाळण्यात वाकून बघतात आणि म्हणतात, "तेरा किलो." एका बाळंतिणीच्या आईने तोंडावर सुनावलं होतं, "भाई, पोर हाय ते, क्रेट नाय."

दुसरी गोष्ट म्हणजे जयवंतभाई बसत नाहीत. लग्नात उभे, बारशाला उभे, एसटीत जागा असली तरी उभे. केस कापायलासुद्धा उभे राहतात. न्हावी बिचारा पाटावर चढतो. कुणी आग्रहाने खुर्ची पुढे केली, तर दोन्ही तळव्यांनी ती दाबतात, वाकून तिचे चारी पाय बघतात, आणि "भार नाही सोसणार" म्हणून पुन्हा सरळ होतात. माझ्या बायकोने एकदा चिडून त्यांच्यासाठी लोखंडी खुर्ची वेल्डिंग करून आणवली. जयवंतभाईंनी ती दाबली, हलवली, उचलून पाहिली. म्हणाले, "खुर्ची सोसेल. पण वहिनी, लादीचं काय?"

माझा स्वभाव मुळात तापट. माणूस दारात येऊन अर्धा तास उभा राहिला की मला आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं आणि मग मी अधिकच तापतो. पण यांच्यावर तापून उपयोग नाही. दगडावर पाणी ओतावं तसं ते आपलं वाहून जातं.

या सगळ्याचं मूळ एका झोपाळ्यात आहे. लग्नानंतरचा पहिला दिवाळसण. सासुरवाडी उधव्याच्या पलीकडे, एका टेकाडामागच्या पाड्यावर. सासऱ्यांनी हौसेने ओसरीत झोपाळा टांगला होता आणि जावईबापूंना आणि लेकीला त्यावर जोडीने बसवलं. सगळा पाडा बघायला जमलेला. झोपाळ्याने दोन झोके घेतले आणि तिसऱ्याला वरच्या तुळईतून कडीच उपटून आली. जयवंतभाई पडले ते बायकोच्या, निर्मलावहिनींच्या हातावर. मनगट मोडलं. वहिनी बेताच्या अंगाच्या, त्यांच्या खांद्यालाही न पोचणाऱ्या. तो हात अजून पुरता वळत नाही. पोळी लाटताना त्या कोपराने जोर लावतात.

वहिनी त्याही वेळी म्हणत होत्या, आजही म्हणतात, की तुळईच वाळवीने खाल्लेली होती. जयवंतभाईंनी ते कधी मानलं नाही. त्या दिवसापासून ते वहिनींच्या शेजारी बसले नाहीत. घरी वहिनी खाटेवर, हे खाली जमिनीवर चटईवर. रिक्षा करायची वेळ आली तर वहिनी एका रिक्षात, हे दुसऱ्या. जेवायचे ते ओट्याशी उभ्याने, ताट हातात धरून. मूलबाळ झालं नाही. वहिनी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "माझं लग्न उभ्या माणसाशी लागलंय, ताई. तो कधीही निघेल असंच वाटत राहतं." माझी बायको हे मला सांगताना हसली होती.

मग वहिनींची आई अंगणात पडली आणि खाटेला खिळली. भाऊ सिल्वासाला कंपनीत, पाळीच्या कामाला. तेव्हा वहिनी "थोडे दिवस" म्हणून माहेरी गेल्या. त्या थोड्या दिवसांना आता दोन वर्षं होतील. म्हातारी बरीही होत नाही आणि जातही नाही. घोलवडच्या घरी जयवंतभाई एकटे उभे.

सुरुवातीला दर रविवारी ते जात. एसटीने तलासरी, तिथून उधवा, आणि उधव्याच्या नाक्यावरून पाड्याकडे जाणारी जीप. नाका सोडला की लगेच चढ लागतो. तिथे जीपवाला म्हणायचा, "ओ दादा, तुमी जरा उतरा, चढ हाय." जयवंतभाई उतरायचे. जीप वर जाऊन थांबायची, हे मागून चालत यायचे, पुन्हा चढायचे. याचं त्यांना काही वाटत नव्हतं. उलट चढावर भार कमी करणं त्यांना पटत होतं. पण मागच्या दिवाळीत, भाऊबीजेच्या गर्दीत, हे उतरले आणि जीप अशी सुळकन वर गेली की आतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि वर निर्मलावहिनी उभ्या होत्या. नवरा येणार म्हणून टेकाडापर्यंत सामोऱ्या आल्या होत्या.

"तिने बघितलं," एवढंच ते मला म्हणाले. त्यानंतर ते गेले नाहीत.

गुडघे दुखतात हे कारण होतंच, आणि ते खोटं नव्हतं. डहाणूच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गुडघे झिजलेत, चालणं कमी करा, सायकल चालवली तर चालेल. मी म्हटलं, माझा टेम्पो आहे, रविवारी मी सोडतो तुम्हाला दारापर्यंत. जयवंतभाई बराच वेळ माझ्या टेम्पोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दुसऱ्याच्या गाडीतून गेलो तर मी पाहुणा, रमेशभाई. आपल्या पायाने गेलो तर नवरा." आणि दुसऱ्या दिवशी काट्यावरून रस्ता ओलांडून माझ्याकडे आले ते हे सांगायला, की ते सायकल घेणार. साधी नाही. डोंगरावर चढणारी, गिअरवाली. त्या सायकलवरून ते तो चढ न उतरता चढणार आणि निर्मलावहिनींच्या दारात जाऊन थांबणार.

त्यात एकच अडचण होती. जयवंतभाईंना सायकल येत नव्हती. शाळेत असतानाच ते मास्तरांपेक्षा उंच होते. कुठला मुलगा आपली सायकल त्यांच्या हातात देणार? गावातली सगळी पोरं सायकल शिकली, आणि जयवंतभाई कडेला उभे राहून त्यांच्या चपला सांभाळत होते.

पहिल्यांदा गेलो डहाणूच्या दुकानात. दुकानदार सायकली दाखवायला लागला. जयवंतभाईंनी रंग पाहिला नाही, कंपनी विचारली नाही. एका सायकलशेजारी उभे राहिले. ती त्यांच्या मांडीला लागत होती.

"भार किती सोसेल?"

"कुणाचा?" दुकानदाराने विचारलं.

"माझा."

दुकानदाराने त्यांच्याकडे खालून वर बघितलं आणि उठून पंखा लावला. मग म्हणाला, "काका, तुमच्या मापाची मागवावी लागेल. मुलाबिलासाठी बघताय असं वाटलं मला."

इथून जयवंतभाईंना सायकलीचं वेड लागलं. काम सुटलं की मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि बघितलेलं मला ऐकवायचे. मी कलमं बांधतोय, हातात पट्टी, आणि डोक्यावर हा माणूस उभा राहून सांगतोय की फ्रेम सगळ्यात मोठ्या मापाची हवी, नाहीतर गुडघे हँडलला लागतात. चाकं मोठी हवीत. टायर रुंद हवेत, आणि हवा भरताना भार बघून भरायची. आरे जास्त हवेत, वजनदार माणसाच्या मागच्या चाकाचे आरेच आधी तुटतात. सीटची नळी खुणेच्या वर ओढायची नाही, मोडते. "आधी भार, मग आकार," हे दिवसातून चारदा. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, सायकल घेताय की पूल बांधताय?" त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "पुलाचं सोपं असतं. तो हलत नाही."

हे एवढं ज्याला कळतं त्याने पुढे वापीला जे केलं, ते करायला नको होतं.

वापीला एक मोठं दुकान आहे असं त्यांना कळलं. योगायोगाने मला तिथल्या व्यापाऱ्याकडे चिकूचे क्रेट पोचवायचे होते, म्हणून त्यांना टेम्पोत घेतलं. टेम्पोतही ते मागे उभेच. दुकानातल्या माणसाने उंच माणसासाठीची सायकल काढली. चांगली होती, मलाही आवडली. तो म्हणाला, "काका, बसून बघा ने." जयवंतभाई म्हणाले, "आधी भार बघू." आणि मला काही कळायच्या आत त्यांनी टेम्पोतून क्रेट उतरवायला सुरुवात केली. क्रेटमागून क्रेट, दोरीने सायकलच्या दांड्याला, सीटला, दोन्ही अंगांनी सारखे बांधले. मग एक पिशवी सुटे चिकू वरून टांगले. स्वतःचं वजन, अधिक सावधगिरीचे दहा. दुकानातली दोन माणसं दोन बाजूंनी सायकल धरून होती आणि त्यांचे डोळे बाहेर यायचे बाकी होते.

दोन पावलं मागे सरून जयवंतभाई म्हणाले, "सोडा."

त्यांनी सोडली.

सायकल उभी राहते ती चालवणाऱ्यामुळे, हे शेंबड्या पोराला माहीत असतं. पण जयवंतभाईंचं जग काट्यावरचं. तिथे ठेवलेला माल ठेवल्या जागी राहतो. सायकल एका क्षणासाठी विचारात पडल्यासारखी थांबली आणि धाडकन डावीकडे गेली. चिकू पाठवायचे म्हणून काढलेले, दगडासारखे कच्चे. ते दुकानाच्या पायऱ्यांवरून टपटप उतरून रस्त्यावर गेले, रिक्षांखाली गेले, समोरच्या फरसाणवाल्याच्या दारात गेले. लोक धावले. कुणी गोळा करून आणून देत होतं, कुणी गोळा करून नेत होतं. मी दोन्ही हातांनी चिकू वेचत शिव्या घालत होतो. आणि जयवंतभाई? ते रस्त्यावर गुडघे टेकून त्या आडव्या सायकलीच्या फ्रेमवरून हात फिरवत होते. "काही झालं नाही," ते वर बघून म्हणाले. "सोसला भार."

"मग घ्या ने आता!" दुकानदार रडकुंडीला आला होता.

"विचार करतो," जयवंतभाई म्हणाले.

त्या दुकानात त्यांचं नाव 'चिकूवाले काका' पडलं. मी घरी येईपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

मला राग येत होता तो या 'विचार करतो'चा. दुकानं झाली, सायकली झाल्या, होळी झाली, आणि हा माणूस विचारच करतोय. तिकडे बायको एकटी आजारी आईचं करतेय. एका संध्याकाळी मी त्यांना चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं.

संध्याकाळी ते माझ्या फाटकापाशी येतात, कारण त्यांच्या घरात रेंज येत नाही. तिथे उभे राहून वहिनींना फोन करतात. कान जरा जड, म्हणून फोनचा स्पीकर चालू. नको असलं तरी सगळं ऐकू येतं. पूर्वी ते बोलणं असं असायचं: "जेवलीस?" "व्हायचंय." "आई?" "तशीच." "ठेवतो." की झालं. दोघांच्या संसाराचं सगळं बोलणं त्यात आटोपायचं.

त्या संध्याकाळी मी बोलायला म्हणून पुढे झालो आणि थबकलो. वहिनी हसत होत्या.

"पण मागचा शॉकअप कशाला?" त्या विचारत होत्या. "चढावर नुसती डुलत राहील. पायातला जोर सगळा त्यातच जायचा."

"व्हिडिओत पण तेच सांगितलं," जयवंतभाई म्हणाले. "पुढचाच ठेवायचा, तो पण बंद करता येणारा."

"आणि ब्रेक? वर चढाल हो, उतरताना काय करणार? हा उतार वाईट आहे."

"डिस्कचे. तेलवाले."

"सीट आधी खाली ठेवा. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. शिकताना पाय टेकले नाहीत की भीती बसते."

जयवंतभाईंनी नंतर मला सांगितलं, काहीसं अभिमानाने, की लग्नाआधी निर्मला पाड्यावरून तलासरीच्या शाळेत सायकलने जात असे. हाच चढ, साधी सायकल, दप्तर अडकवून. लग्नाला इतकी वर्षं झाली पण हे त्यांना आता, फोनवर कळलं होतं. विचारायचं कधी सुचलंच नव्हतं. "ती सांगते ने, मग मी दुसऱ्या दिवशी ते बघून ठेवतो, मग संध्याकाळी सांगतो," ते म्हणाले. त्या दिवशी मी फैलावर घेणं राहून गेलं. मलाच वाईट वाटायला लागलं, आणि का ते नीट सांगता येत नव्हतं. या दोघांना एकमेकांशी बोलायला एक सायकल लागली होती, आणि तीही न घेतलेली.

शिकणं सुरू झालं ते माझ्या जुन्या सायकलवर, घोलवडच्या किनाऱ्यावर. ओहोटीला पाणी लांब जातं आणि ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट होते. आमच्याकडची सगळी पोरं तिथेच शिकतात. शिकताना मागून कुणीतरी सीट धरून पळतं, ही जगाची रीत. पहिल्या दिवशी मी धरली. जयवंतभाई एका बाजूला कलले आणि त्यांच्याबरोबर मीही कललो. दोघंही उठलो तेव्हा त्यांनी माझ्या कमरेकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही नका. मला धरणारं माणूस नसतं, रमेशभाई." तक्रार नव्हती त्यात. काट्यावरचा आकडा सांगावा तसं सांगितलं. मला मात्र ते फार लागलं. मी बाजूला होऊन शेवग्याच्या काठीसारखा नुसता उभा राहिलो.

मग ते एकटेच शिकले. वहिनींनी सांगितल्याप्रमाणे सीट पार खाली, दोन्ही पाय वाळूत, ढकलत ढकलत. पडायचे. पडले की वाळूत मोठा खड्डा व्हायचा आणि ते त्या खड्ड्याकडे अपराध्यासारखं बघायचे. सुकटीच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायका थांबायच्या. एक म्हातारी रोज ओरडायची, "अरे, त्या सायकलला कुणीतरी सोडवा!" पंधरवडाभर हे चाललं. मग एका सकाळी ते पाय न टेकता गेले. सरळ गेले, दूर, पाण्याच्या रेषेपर्यंत. वळता येत नव्हतं म्हणून तिथेच पाण्यात पडले. परत आले ते नखशिखान्त भिजलेले, माझ्या सायकलच्या पुढच्या चाकाचा पापड झालेला, आणि चेहरा नेहमीसारखाच. म्हणाले, "चला वापीला."

मे महिना होता. रस्त्याला चिखल व्हायच्या आत पाड्यावर जायचं, असं त्यांनी वहिनींना सांगितलं होतं. वापीच्या दुकानदाराने आम्हाला लांबूनच ओळखलं आणि आधी टेम्पोत क्रेट नाहीत ना ते पाहून घेतलं. मग आतून एक नवी सायकल आणली. मोठी काळी फ्रेम, मोठी चाकं, रुंद टायर. पुढचा शॉकअप बंद होणारा. ब्रेक तेलाचे. "काका, खास तुमच्यासाठी मागवली. कंपनी एकशे छत्तीसची हमी देते."

जयवंतभाईंनी 'एकशे छत्तीस' हा आकडा मनातल्या मनात दोनदा म्हटला असावा, कारण त्यांचे ओठ हलले. त्यांनी सीट दाबली नाही. खाली वाकून काही बघितलं नाही. पाय टाकला आणि बसले. दुकानामागच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, पाय टेकत वळले, आणि परत आले. किनाऱ्यावरची धडपड सोडली, तर मी त्यांना असं निवांत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. बसल्यावर ते इतर माणसांसारखेच दिसत होते. मी दुकानदाराला उगाचच पाणी मागितलं.

"हीच," जयवंतभाई म्हणाले. "तिला सांगतो."

फोन लावला. स्पीकर चालू. सांगितलं सगळं: फ्रेम, चाकं, आरे, ब्रेक. वहिनी 'हं, हं' करत ऐकत होत्या. मागे म्हातारीचं कण्हणं ऐकू येत होतं.

"आणि मागे कॅरिअर आहे ना?"

"डोंगराच्या सायकलला नसतो कॅरिअर," जयवंतभाई म्हणाले.

वहिनी अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मग मी कुठे बसू?"

जयवंतभाईंनी सायकलच्या मागच्या चाकाकडे बघितलं.

"आई दुपारची झोपते," वहिनी सांगत होत्या. "तेवढ्यात नाक्यावर जाऊन येता येतं. औषध असतं, मीठमिरची असते. त्या जीपवाल्याचा काय भरवसा. तुम्ही आलात की मला घेऊन जाल असं धरून चालले होते मी."

"तू बसशील?" जयवंतभाईंनी विचारलं. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा विचारलं. "माझ्या मागे?"

"बसायला काय झालं?"

दुकानदाराला राहवलं नाही. तो फोनकडे वाकून म्हणाला, "काकी, कॅरिअर लावला तरी दोघांची लोड नाय घेणार ही. अशी सायकल बनतच नाय."

"हो का?" वहिनी म्हणाल्या. "बरं. आईने हाक मारली, ठेवते."

जयवंतभाईंनी सायकल दुकानदाराच्या हाती दिली. हलक्या हाताने, गुराचं दावं सोपवावं तशी. "राहू दे," म्हणाले. बाहेर येऊन ते फरसाणवाल्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची ती भलीमोठी पाठ हलत होती. माणसं बघत जात होती. मी पुढे होऊन त्या पाठीवर हात ठेवला, दुसरं काय करणार?

"तिला भीती नाही वाटत," ते भिंतीलाच म्हणाले. "माझी. मला वाटायचं, तिला वाटते."

मी म्हटलं, "दुसरी बघू सायकल. कॅरिअरवाली."

"ऐकलं ने तुम्ही. नाही बनत." त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "उधव्याला सोडा मला. नाक्यापर्यंत."

"दारापर्यंत सोडतो."

"नाक्यापर्यंत."

नाक्यावर जीप भरत होती. जीपवाल्याने त्यांना ओळखलं, मागच्या फळीवरच्या दोघांना आत सरकवलं आणि आधीच सांगून ठेवलं, "दादा, चढाला उतरावं लागंल हां."

"उतरतो ने," जयवंतभाई म्हणाले. "सगळे हसले तरी उतरतो. तू फक्त वर थांब."

जीप एका अंगाला कलून निघाली आणि चढाच्या पायथ्याशी थांबली. जयवंतभाई उतरले. भार गेल्यावर जीप सुळकन वर चढली, आणि आतून कुणीतरी शिट्टी मारली तीही मला नाक्यावर ऐकू आली. जयवंतभाईंनी वर बघितलं नाही. एक हात गुडघ्यावर दाबून ते त्या उन्हात चढायला लागले, दोन पावलं, थांबणं, दोन पावलं. त्यांना धरायला जावं असं मला वाटलं, आणि मी गेलो नाही. जीप वर थांबली होती. टेकाडावर आणखी कुणी उभं आहे की नाही, हे एवढ्या लांबून दिसत नव्हतं.